चांदीचा चमचा काळा पडला नाही म्हणून अळंबी खाणार असाल तर थांबा

पहिला पाऊस झाला की हा मेसेज फिरायला लागतोच, यंदाही फिरतोय. 'रानातली अळंबी विषारी आहे का हे ओळखायच्या आजीच्या खात्रीशीर युक्त्या', खाली जोडलेले हात आणि 'पुढे पाठवा, कुणाचा तरी जीव वाचेल'. युक्त्या अशा: शिजवताना चांदीचा चमचा नाहीतर लसूण टाका, काळं पडलं तर विषारी. किडे-गोगलगायींनी खाल्लेली असेल तर बिनधास्त घ्या. पांढरी चांगली, रंगीत वाईट. वारुळाजवळची कधीच विषारी नसते. शंका आलीच तर हळद-चिंच घालून उकळा, विष उतरतं. थोडीशी खाऊन दोन तास थांबा, काही झालं नाही तर सगळी खा. आणि शेवटी, कच्ची सॅलडमध्ये खाल्ली तर प्रोटीन फुल.

मी अळंबीवेडा माणूस आहे, 'रानातलं काही खाऊच नका' म्हणणाऱ्यांतला नाही. पण या यादीतली एकही युक्ती कामाची नाही, आणि दोन-तीन तर सरळ जीवावर बेतणाऱ्या आहेत.

चमच्याचं आधी. चांदी काळी पडते ती गंधकामुळे. उकडलेल्या अंड्यात चांदीचा चमचा खुपसून ठेवा, तोही काळा पडेल, मग काय अंडं फेकून देणार? अमॅनिटा गटातल्या जीवघेण्या अळंब्यांमध्ये अमॅटॉक्सिन नावाचं विष असतं, त्याने चांदीला काही म्हणजे काही होत नाही. लसूण-कांद्याचा रंग बदलतो तो एन्झाइममुळे, चांगल्या अळंबीबरोबर पण बदलू शकतो आणि विषारीबरोबर तसाच पांढराशुभ्र राहू शकतो.

किडे-गोगलगायी: त्यांना जे पचतं ते आपल्याला पचेलच असं कुणी सांगितलं? फळमाशीच्या काही जाती तर अमॅटॉक्सिनवाल्या अळंबीतच अंडी घालतात, त्यांची पिल्लं त्यातच वाढतात आणि मजेत असतात. गोगलगायही ती खाते. तिला आपल्यासारखं लिव्हर नाही, विषय संपला.

रंगाबद्दल तर बोलूच नका. जगातल्या सगळ्यात घातक अळंब्यांपैकी काही दुधासारख्या पांढऱ्या असतात, आणि युरोपात महाग विकली जाणारी चँटरेल पिवळीधमक असते. बस्तरच्या सालवनात पावसाच्या सुरुवातीला मिळणारा बोडा, हाही अळंबीचाच प्रकार, दिसतो मातीच्या ढेकळासारखा, आणि त्यासाठी लोक वाटेल तो भाव देतात.

आता वारूळ. यात थोडं तथ्य आहे म्हणूनच हा मुद्दा जास्त धोक्याचा. कोकणातली अळंबी, गोव्यातली ओल्मी, गडचिरोली-गोंदियाकडच्या सात्या यात सगळ्यात आवडीने खाल्ली जाते ती टर्मिटोमायसिस, आणि ती खरंच वारुळातून येते. वाळवी जमिनीखाली पालापाचोळा चघळून त्याचे स्पंजसारखे गोळे करते, त्यावर ही बुरशी वाढवते आणि तीच खाते, थोडक्यात वाळवीची शेती. पावसात त्या शेतातून अळंबी वर येते. लॅबमध्ये किंवा शेडमध्ये हिचं व्यापारी पीक अजून घेता आलेलं नाही, बटन आणि धिंगरी घेता येतात पण ही नाही, कारण वाळवी कुठून आणणार. म्हणून पावसाळ्यात रस्त्याकडेला पानात बांधून विकायला बसलेल्या बाया सांगतात तो भाव मुकाट्याने द्यावा लागतो, आणि द्यावा.

पण 'वारुळातून आलेली' आणि 'वारुळाशेजारी उगवलेली' यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. शेजारच्या ओल्या मातीत काहीही उगवतं. नुसतं वारूळ बघून कुणी जाणकार अळंबी तोडत नाही. ते टोपीच्या मधोमध वर आलेला टोकदार, गडद उंचवटा बघतात. मग बोटांनी किंवा काठीने माती हलकेच बाजूला करत देठाचा माग काढतात, आणि देठ संपतच नाही, निमुळता होत मुळासारखा खोल खाली जातो, कारण तो त्या वाळवीच्या गोळ्यापर्यंत पोचलेला असतो. अमॅनिटाचं उलटं, तिच्या देठाच्या बुडाशी मातीत फाटक्या पिशवीसारखी वाटी असते. आता शहरातून गेलेली मंडळी काय करतात, सुरीने जमिनीलगत कचकन कापून फोटोसाठी टोपली भरतात, म्हणजे ओळख पटवणारा भाग नेमका मातीतच राहिला! (वारूळ फोडून गोळ्यापर्यंत खणणारे पण महाभाग असतात. वाळवीच गेली तर पुढच्या वर्षी तिथे काय उगवणार.)

आणि हो, हे वाचून कुणी एकट्याने रानात जाऊ नका. बारीक शेकड्याने उगवणारी टर्मिटोमायसिस पण असते, तिला असं लांब मूळ नसतं, म्हणजे वरच्या खुणा सुद्धा सरसकट लागू नाहीत. एका गावातली माणसं एका जागेवरची एक जात पिढ्यानपिढ्या ओळखतात, ते ज्ञान त्या जातीचं आणि त्या जागेचं असतं. तेच ज्ञान घेऊन दुसऱ्या मुलखात गेलं की घोळ.

उकळण्याचा मुद्दा. हळदीच्या पाण्यात अळंबी ठेवतात ती किडे आणि माती निघावी म्हणून. अमॅटॉक्सिन उकळून, तळून, वाळवून, फ्रीझ करून कशानेही जात नाही, आणि चिंचेने तर अजिबातच नाही. एप्रिल २०२२ मध्ये वरच्या आसामात रानटी मशरूम खाऊन १३ जण गेले, बरेचसे चहामळ्यात राहणारे. रानातून आणून घरी शिजवूनच खाल्ली होती.

दोन तास थांबायची युक्ती मला सगळ्यात भयानक वाटते, कारण ती बरोब्बर उलटी आहे. लॉनवर मोठाल्या छत्र्या उगवतात, ज्यांच्या खालच्या पाकळ्या जून झाल्यावर हिरवट पडतात, त्या खाल्ल्या की एक-दोन तासांत उलट्या सुरू होतात, हाल होतात पण माणूस सहसा वाचतो. अमॅटॉक्सिनवाली मात्र ६ ते १२ तास, कधी त्याहून जास्त वेळ गप्प असते. चवीला पण छान लागते म्हणे, वाचलेल्या लोकांनीच सांगितलंय. मग उलट्या-जुलाब, मग एखादा दिवस बरं वाटतं, घरचे म्हणतात सुटलो एकदाचे, आणि आत लिव्हर निकामी होत असतं. त्यामुळे बरं वाटलं तरी हॉस्पिटल सोडायचं नाही. जाताना उरलेली अळंबी किंवा भाजी सोबत न्या, आणि जेवण किती वाजता झालं ते डॉक्टरांना नक्की सांगा.

राहिलं सॅलड. ताज्या मशरूममध्ये ९० टक्के पाणीच असतं, प्रोटीन १०० ग्रॅममागे ३ ग्रॅमच्या आसपास, त्यापेक्षा मूठभर शेंगदाणे खा. आणि हिमालयातली ती महागडी गुच्छी अळंबी, जी शिजवून उत्तम लागते, तीच कच्ची खाल्ली तर बाधते. २०२३ मध्ये अमेरिकेतल्या मॉन्टानात एका सुशीच्या हॉटेलात कच्ची-अर्धकच्ची गुच्छी खाऊन ५० च्या आसपास लोक आजारी पडले, दोघे दगावले.

तेव्हा ओळखीच्या माणसाकडून ओळखीची अळंबी घ्या आणि नीट शिजवा. देठाची माती सुरीच्या पाठीने खरवडायची, हाताने उभी फाडायची. खोबरेल तेलात कांदा, ठेचलेली लसूण (चवीसाठी हो, विष ओळखायला नाही), हळद, तिखट, मग अळंबी. पाणी भरपूर सुटतं, ते झाकण न ठेवता आटू द्या, मग दोन आमसुलं आणि ओलं खोबरं. गरम मसाल्याचा डबा उघडूच नका, नाहीतर एवढे पैसे मोजून बटन मशरूमचीच भाजी खाल्ल्यासारखी लागेल.