ताडपत्र्या भर पावसाळ्यात मोजा

कुठे भूकंप झाला की आपल्या ठाण्यात आठवड्याभरात ताडपत्र्या आणि ब्लँकेटं गोळा होतात. टेम्पो निघतो, महिन्याभरात अहवाल येतो, "इतक्या कुटुंबांना निवारा दिला." हे वाक्य मला मान्य नाही. वाटलेला माल म्हणजे निवारा नव्हे.

2018 च्या नोव्हेंबरपासून डहाणू-तलासरीत धक्के सुरू झाले. धुंदलवाडीच्या आसपासची माणसं थंडीत घराबाहेर झोपत होती. 2014 पर्यंत हा ठाणे जिल्हाच होता, परका मुलूख नाही. तिकडच्या एका पाड्यावर पाहिलेली ताडपत्री मी विसरू शकत नाही. सोबत दोरी आलीच नव्हती, म्हणून तारेने ताणून बांधलेली. वाऱ्याने कोपऱ्यांच्या रिंगा उपटून निघालेल्या. घरची बाई मात्र तडा गेलेल्या भिंतीआड जाऊन-येऊन होती, कारण भाताची कणगी आत होती. वाटप करणाऱ्यांच्या फॉर्मवर माणसांची संख्या होती. धान्य कुठे ठेवणार, शेळ्या कुठे बांधणार, हे कुणी विचारलंच नव्हतं.

जगभर मदतकार्यात वापरले जाणारे स्फिअरचे निकष माणशी किमान साडेतीन चौरस मीटर जागा सांगतात, तीही स्वयंपाकाची आणि अंघोळीची जागा सोडून. शेतकऱ्याच्या घरात याखेरीज दाणागोटा असतो, अवजारं असतात.

आणि "तात्पुरता" हा शब्द तर फारच जपून वापरायला हवा. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे किल्लारी परिसरात दगडमातीच्या जाड भिंती आणि वरचं जड माळवद माणसांवर कोसळलं. पुढे 52 गावं नव्या जागी वसली, पण तोवर लोकांनी पत्र्याच्या शेडमध्ये दिवस काढले. लातूरच्या उन्हाळ्यात पत्र्याखाली दुपारी काय होतं, ते तिकडच्या माणसाला विचारा. तरीही तंबूपेक्षा मी पत्राच पसंत करेन. नेपाळमध्ये 25 एप्रिल 2015 चा भूकंप झाला आणि जूनमध्ये पावसाळा उभा राहिला. दरडींनी वाटा बंद, चढावरच्या गावांत सामान पाठीवर न्यायचं. अशा ठिकाणी एकदा पोचलेला पत्रा पुढे पक्क्या घरालाही लागतो.

म्हणून मंडळांना आणि सोसायट्यांना कळकळीची विनंती: जमलेल्या पैशांतला काही भाग दुसऱ्या फेरीसाठी बाजूला ठेवा. ऑगस्टमध्ये जा. जीप थांबते तिथून पुढे चालत, शेवटच्या पाड्यापासून सुरुवात करा. आधी बायकांशी बोला: रात्री दार लागतं का, चूल कोरडी राहते का, कुणाला काहीच मिळालं नाही? आणि जे कमी पडलं असेल, ते बांबू, दोरी, खिळे तिथल्याच आठवडी बाजारातून घेऊन द्या.