गाव विकत घेणारं गाव

अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलायना राज्यातल्या शार्लट शहरातून आय-८५ महामार्ग धरून ईशान्येला निघालं की साधारण चाळीस किलोमीटरवर कनॅपोलिस हे गाव लागतं. घर बघायला पहिल्यांदा गेलो तेव्हा मला फक्त नवी घरं दिसली. दोन गाड्यांचं गॅरेज, कोवळी झाडं, कोरे फुटपाथ. गावाच्या मध्यातल्या गल्ल्यांमधली ती एकमेकांना खेटून उभी, पुढे ओसरी असलेली बैठी घरं कोणाची, हा प्रश्न मला खूप उशिरा पडला.

ती गिरणी कामगारांची घरं. १९०६ मध्ये जेम्स कॅनननं इथली शेतजमीन घेतली आणि टॉवेल-चादरींची गिरणी उभी केली. चालत पाळीवर जाता यावं इतक्या अंतरावर घरं बांधली, आणि घरमालक गिरणीच. बाजारपेठही तिचीच. १९८४ पर्यंत या गावाला स्वतःची नगरपालिका नव्हती! हजारो माणसं राहत होती, पण कागदोपत्री ते शहर नव्हतं.

मग मालक बदलत गेले. १९८२ मध्ये उद्योगपती डेव्हिड मर्डॉक आले, गिरणी घेतली, त्यांनी काही वर्षांत गिरणी विकली, शेवटी ती पिलोटेक्स या कापड कंपनीकडे गेली आणि ३० जुलै २००३ ला टाळं लागलं. एकट्या नॉर्थ कॅरोलायनात सुमारे ४,८०० माणसं बेकार झाली. गिरणी बंद पडते म्हणजे घराघरात काय होतं, हे मराठी माणसाला वेगळं सांगायला नको. यातल्या अनेकांचं शालेय शिक्षणही पुरं नव्हतं. पन्नाशीतली माणसं कम्युनिटी कॉलेजात पुन्हा वही-पेन घेऊन बसली.

२००४ मध्ये मर्डॉक परत आले. गिरणीची जागा घेतली, गिरणी पाडली आणि २००८ मध्ये, ऐन मंदीत, तिथे संशोधन केंद्र उघडलं. प्रयोगशाळा चांगली आहे, विद्यापीठं आली, हे मी नाकारत नाही. पण साच्यावर उभं राहून आयुष्य काढलेल्या बाईला तिथे कोणतं काम मिळणार होतं? आणि गावाच्या मध्यावर मालकी पुन्हा एकाचीच राहिली, हे मला जास्त खटकतं.

म्हणून २०१५ साल मला फार मोलाचं वाटतं. त्या वर्षी शहराच्या नगरपालिकेनं आपल्याच मध्यवस्तीची सुमारे ५० एकर जमीन विकत घेतली. शंभरेक वर्षांत पहिल्यांदा बाजारपेठेत काय उभं राहायचं हे निवडून दिलेली माणसं ठरवू लागली. बेसबॉलचं मैदान आलं, रस्ते चालण्यासारखे झाले. कर्ज काढून केलंय, धोका आहेच. तरी मी याच्या बाजूनं आहे, कारण शार्लट वाढत वाढत इथवर पोचणारच होतं. २०१० च्या जनगणनेत ४२,६२५ असलेली वस्ती २०२० मध्ये ५३,११४ झाली. जमीन हातात नसती, तर या लोंढ्यासमोर गावाला फक्त बघत बसावं लागलं असतं.

शार्लटच्या दक्षिणेला, साउथ कॅरोलायनातलं फोर्ट मिल हेही जुनं गिरणीगावच. तिथे शाळा इतक्या भरल्या की २०१८ मध्ये तिथल्या यॉर्क काउंटीनं (म्हणजे जिल्ह्याच्या प्रशासनानं) नव्या स्वतंत्र घरामागचं शाळांसाठीचं शुल्क २,५०० डॉलरवरून १८,१५८ डॉलरवर नेलं. बिल्डर चिडले. मला ते योग्यच वाटतं. वर्ग वाढवावे लागले ते आमच्यासारख्यांच्या मुलांसाठी, मग तो खर्च ओसरीच्या घरात राहणाऱ्या पेन्शनर आजोबांच्या घरपट्टीतून का जावा?

आम्ही नवे लोक इथे येतो ते शाळा आणि घरांच्या किमती बघून. कनॅपोलिसच्या या जुन्या गल्ल्यांमधलं घर दिसलं की लगेच ‘पाडून मोठं बांधता येईल’ असं आपल्याच ग्रुपवर लिहिलं जातं, ते वाचून मला वाईट वाटतं. कमी पगाराच्या कुटुंबाला परवडतील अशी घरं या भागात उरलीत ती बरीचशी हीच. बाजूच्या जमिनीच्या झोनिंगची, म्हणजे तिथे काय बांधता येईल याची, सुनावणी असते तेव्हा आपल्यातलं कोणी दिसत नाही. पुढच्या वेळी मी जाणार आहे. इथल्या मराठी मंडळींपैकी कोणाला सोबत यायचं असेल, तर खाली सांगा.