दुर्बीण नॉर्मल आली, तरी ढाळ थांबेना: एका फिरत्या दाव्याला उत्तर

मायक्रोस्कोपिक कोलायटिस म्हणजे मोठ्या आतड्याच्या अस्तराला सूज येऊन पाण्यासारखे जुलाब लावणारा आजार. त्याबद्दल मोबाइलवर फिरणारा दावा थोडक्यात असा आहे: दुर्बिणीत (कोलोनोस्कोपीत) आतडं स्वच्छ दिसलं म्हणजे दुखणं मनाचं. तरीही कुणी कोलायटिस म्हणालंच, तर तो ऑटोइम्यून (शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःवरच उलटण्याचा प्रकार), म्हणजे मूळ गव्हात. गहू सोडा, ज्वारीची भाकरी आणि ताक घ्या, आठ दिवसांत बरं. स्टेरॉइड घेतलं तर हाडं झिजतात, आणि दुर्लक्ष केलं तर पुढे कॅन्सर.

यातलं काही अर्धं खरं आहे, म्हणून तर दावा पटतो. खरी गडबड आहे ती आधी काय आणि नंतर काय यात.

“दुर्बीण स्वच्छ, म्हणजे आतड्याला काही नाही.”

हा आजार डोळ्यांना दिसत नाही, म्हणून तर त्याचं नाव असं पडलं. मोठ्या आतड्याचं अस्तर दुर्बिणीत बहुधा गुलाबी आणि गुळगुळीतच दिसतं. तुकडा काढून सूक्ष्मदर्शकाखाली काचेवर घेतला की प्रकार कळतो. अस्तराखालचा कोलॅजेनचा (चिवट तंतूंच्या प्रथिनाचा) पट्टा 10 मायक्रॉनपेक्षा जाड असेल तर कोलॅजिनस. अस्तराच्या दर 100 पेशींमागे 20 किंवा जास्त लिम्फोसाइट (एक जातीच्या पांढऱ्या पेशी) असतील तर लिम्फोसायटिक. 10 मायक्रॉन म्हणजे केसाच्या जाडीचा सातवा-आठवा हिस्सा. तो दुर्बिणीतून दिसावा ही अपेक्षाच चूक.

म्हणून तपासणीच्या आधी विचारायचा प्रश्न एकच: “दिसलं नाही तरी तुकडे घेणार ना?” ते उजव्या आणि डाव्या, दोन्ही बाजूंच्या आतड्यातून आणि वेगवेगळ्या डब्यांत हवेत. फक्त गुदाशयातला तुकडा नॉर्मल येऊन आजार निसटू शकतो. तुकडे न घेताच दुर्बीण झाली असेल, तर त्या रिपोर्टातल्या ‘नॉर्मल’ने हा प्रश्न सुटत नाही. पन्नाशी-साठीनंतर सुरू झालेले, रात्री झोपेतून उठवणारे, पाण्यासारखे, रक्त नसलेले जुलाब मनावर ढकलू नयेत. रक्त पडत असेल, ताप असेल, वजन झपाट्याने उतरत असेल तर गोष्ट वेगळी. आपल्याकडे तेव्हा आतड्याचा टीबी आणि अमिबा आधी बघावा लागतो.

“ऑटोइम्यून आहे, म्हणजे गव्हाचाच.”

नातं खरं आहे. सिलिॲक (गव्हातल्या ग्लूटेनने लहान आतडं बिघडवणारा आजार), थायरॉइडचे ऑटोइम्यून विकार, संधिवात, टाइप 1 मधुमेह, तोंड-डोळे कोरडे पाडणारा शोग्रेन हे या रुग्णांत इतरांपेक्षा जास्त आढळतात. कोलॅजिनस प्रकारात प्रतिकारशक्तीशी निगडित काही ठरावीक एचएलए जनुकंही जास्त सापडतात. पण मायक्रोस्कोपिक कोलायटिस ओळखणारी रक्तातली अँटिबॉडी नाही. शिवाय काही रुग्णांत शस्त्रक्रियेने लहान आतडं पोटावर बाहेर काढून मोठ्या आतड्यात मल जाणं थांबवलं, तेव्हा अस्तर सुधारलं. जोडणी पुन्हा केल्यावर आजार परतला. म्हणजे आतड्यातून जाणारं काहीतरी ठिणगी टाकतं. निव्वळ ‘शरीर स्वतःवर उलटलं’ एवढ्यावर हिशेब लागत नाही.

या नात्याचा उपयोग ठरावीक तपासण्यांपुरता: टीएसएच (थायरॉइडसाठी), साखर, टीटीजी-आयजीए (सिलिॲकची अँटिबॉडी) आणि त्यासोबत एकूण आयजीए (त्या जातीच्या सगळ्या अँटिबॉडी). एकूण आयजीएच कमी असेल तर टीटीजी फसवतं. सकाळी तासभर बोटं आखडत असतील तर संधिवाताचीही तपासणी.

आता इथला खास घोळ. टीटीजीची तपासणी पोटात गहू जात असेल तरच खरी येते. ज्या घरात रोज भाकरी आणि पोळी फक्त सणावारी, तिथे सिलिॲक असूनही रिपोर्ट नॉर्मल येऊ शकतो. त्यात दावा वाचून उरलेली पोळीही सोडली की संपलंच. आधी रक्त द्या, मग काय सोडायचं ते ठरवा. गहू सोडून महिने झाले असतील तर डॉक्टरांच्या सल्ल्याने सहा ते आठ आठवडे रोज पोळी खाऊन मग तपासणी करावी लागते.

सिलिॲक निघालाच तर नुसती भाकरी पुरत नाही. गिरणीत गव्हानंतर लगेच ज्वारी टाकली की पिठात गहू येतोच. बांधानी हिंगात बहुधा मैदा असतो. धपाट्यातही बऱ्याच घरी गव्हाचं पीठ पडतं. आणि सिलिॲक नसेल, तर पोळी सोडून हा कोलायटिस जातो असं म्हणायला आधार नाही.

दाव्यात जे अजिबात नाही ते मात्र घरातल्या डब्यात सापडतं: गोळ्या. गुडघ्यासाठी डायक्लोफेनॅक, तिच्यामुळे पित्त होऊ नये म्हणून सोबत ॲसिडिटीची कॅप्सूल, ही जोडी मेडिकलवरून वर्षानुवर्षं येते. दोन्ही जातींच्या औषधांचा या आजाराशी संबंध दिसतो; नैराश्यावरच्या सर्ट्रालिनचाही. मधुमेहाची मेटफॉर्मिन वेगळ्या कारणाने जुलाब लावतं. डब्यातली प्रत्येक पट्टी डॉक्टरांपुढे ठेवा, मात्र हृदयाची किंवा मनाची गोळी परस्पर बंद करू नका. तंबाखू ओढणाऱ्यांत आजार जास्त, तेव्हा बिडीही हिशेबात घ्या.

“ताक-भाकरीने आठ दिवसांत बरं.”

आजार आपोआप उतरतो-चढतो, त्यामुळे श्रेय कशालाही मिळतं. त्याऐवजी सात दिवस कॅलेंडरवर खुणा करा. रोजची सरासरी तीन किंवा जास्त संडास, किंवा रोज एक तरी पाण्यासारखी, तर आजार चालू आहे. ताक सोसत असेल तर खुशाल प्या. उन्हाळ्यात मात्र ताकावर विसंबू नका: एक लिटर पाण्यात ओआरएसचं मोठं पाकीट, अख्खं. ग्लासात थोडं-थोडं टाकलं की प्रमाण बिघडतं.

“स्टेरॉइडने हाडं झिजतात.”

या कोलायटिसचं औषध म्हणजे ब्युडेसोनाइड हे स्टेरॉइड. रोज सकाळी 9 मिलिग्रॅम, साधारण सहा ते आठ आठवडे, कॅप्सूल न चावता. आतड्यात काम करून ते यकृतात जातं आणि सुमारे 90 टक्के तिथेच निकामी होतं, म्हणून अंगभर पोचतं ते थोडं. यकृत आकसलेलं (सिरॉसिस) असेल तर हा फायदा राहत नाही. क्लॅरिथ्रोमायसिन हे अँटिबायोटिक, केटोकोनाझोल हे बुरशीवरचं औषध आणि ग्रेपफ्रूटचा रस त्याचं रक्तातलं प्रमाण वाढवतात. ‘स्वस्त पडतं’ म्हणून प्रेडनिसोलोन या दुसऱ्या स्टेरॉइडवर जाऊ नका. त्याचा गुण कमी आणि त्रास जास्त. औषध थांबवल्यावर निम्म्याहून जास्त जणांत जुलाब परततात. तेव्हा 3 किंवा 6 मिलिग्रॅमवर जास्त दिवस राहावं लागतं, आणि हाडांचा प्रश्न खरा तिथे येतो: कॅल्शियम, ड जीवनसत्त्व, गरज पडली तर हाडांच्या घनतेची तपासणी.

काहींत पित्तक्षार न शोषल्याने जुलाब राहतात. त्यांना कोलेस्टायरामिनची पूड देतात. ती थायरॉइडच्या गोळीलाही धरून ठेवते. गोळी आधी, पूड किमान चार तासांनी.

“पुढे कॅन्सर होतो.”

नाही. या आजाराने मोठ्या आतड्याच्या कॅन्सरचा धोका वाढत नाही, आणि फक्त त्यापायी दरवर्षी दुर्बीण घालायची गरज नाही.