कीनोचं तिकीट आणि तासाचा हिशोब

विषय संजयने काढला. मुलगी फिनिक्सला असते. पुढच्या महिन्यात तिच्याकडे जाताना लास व्हेगासला दोन रात्रींचा मुक्काम आहे. “पत्त्यांच्या टेबलावर बसायची माझी काही तयारी नाही. ते कीनो म्हणजे आपल्या हाउजीसारखंच ना? दोन डॉलरचं तिकीट घ्यायचं, खुर्चीत आरामात बसायचं आणि आकडे लागतात का बघायचं.” एवढं तो बोलला आणि तलावपाळीच्या कट्ट्यावर पुढचा दीड तास दुसरा विषय निघाला नाही.

प्रकाश बरीच वर्षं क्रूझवरच्या कॅसिनोत डीलर होता. तो लगेच म्हणाला, “हाउजी डोक्यातून काढून टाक. हाउजीत नव्वद आकडे, आणि फुल हाउस होईपर्यंत पुकारा चालू. जमलेल्या पैशातूनच बक्षिसं निघतात, त्यामुळे ती कुणाला ना कुणाला मिळतातच. कीनोत ऐंशी आकडे. त्यातले वीस निघाले की खेळ संपला. तुझा सामना शेजाऱ्याशी नाही, कॅसिनोशी. आणि अख्ख्या कॅसिनोत इतका वाईट भाव दुसऱ्या टेबलावर सहसा सापडायचा नाही.”

“भाव वाईट, मान्य,” सुहास म्हणाला. तो कॉलेजात संख्याशास्त्र शिकवतो. “पण तासाला खिशातून किती जातात हा खरा प्रश्न. त्या हिशोबाने लाउंजमधला, म्हणजे खुर्च्या मांडलेल्या दालनात बसून खेळायचा कीनो व्हेगासच्या सगळ्यात स्वस्त खेळांपैकी एक आहे.”

नानांनी दोघांना थांबवलं. “भांडा नंतर. आधी तिकीट कसं असतं ते तरी त्याला दाखवा.”

नानांच्या औषधांची कागदी पिशवी होती, ती फाडून प्रकाशने कोऱ्या बाजूवर तिकीट काढलं. आडव्या आठ ओळी, ओळीत दहा घरं. वरच्या चार ओळींत १ ते ४०, मध्ये मोकळी पट्टी, खाली ४१ ते ८०. “अशा कोऱ्या तिकिटांचा गठ्ठा आणि काळा मेणखडू तुझ्या खुर्चीपाशीच असतो. हवे ते आकडे निवडायचे. एकापासून दहापर्यंत कितीही, काही ठिकाणी पंधरा-वीससुद्धा चालतात.” त्याने ७, २३, ५८ आणि ६१ वर फुल्या मारल्या. “चार आकडे, म्हणून उजव्या समासात ४ लिहायचं. याला फोर स्पॉट म्हणतात. वरच्या कोपऱ्यात एका खेळाला किती डॉलर ते, आणि किती खेळ खेळायचे तेही लिहायचं. मग पैसे आणि तिकीट काउंटरवर रायटरला द्यायचं.”

“आणि हे तिकीट माझ्याकडे राहतं?”

“नाही. रायटर ते संगणकात भरतो आणि छापील तिकीट तुला देतो. वाद झाला तर खरं धरतात ते संगणकातलं, तू खडूने काय खरडलंस ते नाही. ५८ च्या जागी ५९ पडला असेल तर गोळे उडायच्या आधी सांगायचं. नंतर कोणी ऐकत नाही. म्हणून काउंटर सोडायच्या आधी चार गोष्टी वाचायच्या: आकडे, रक्कम, खेळाचा क्रमांक, किती खेळ.”

काचेच्या भांड्यात टेबल टेनिसच्या चेंडूंसारखे ऐंशी गोळे हवेने उडत असतात. दोन पारदर्शक नळ्यांत दहा-दहा गोळे चढले की वीस झाले. या नळ्यांना तिथे ‘सशाचे कान’ म्हणतात. आकडे भिंतीवरच्या पाट्यांवर उजळतात. प्रत्येक खेळाला अजूनही रेस म्हणतात, आणि त्याचं कारण सुहासला तोंडपाठ होतं. मूळ खेळ चिनी. ‘सहस्राक्षरी’ नावाच्या जुन्या चिनी पाठात एकही अक्षर दोनदा येत नाही. त्यातली पहिली ऐंशी अक्षरं तिकिटावर असायची. चिनी मजुरांबरोबर तो एकोणिसाव्या शतकात अमेरिकेत गेला. १९३६ च्या सुमाराला नेवाडा राज्यातल्या रेनो शहरात पॅलेस क्लबात तो सुरू झाला, पण नेवाडात लॉटरीला बंदी, म्हणून प्रत्येक आकड्याला घोड्याचं नाव देऊन ‘रेस हॉर्स कीनो’ केलं. १९५१ मध्ये शर्यतीच्या मैदानाबाहेर घोड्यांवर लावल्या जाणाऱ्या सट्ट्यावर केंद्राचा कर बसला तेव्हा घोडे काढून टाकले. रेस हा शब्द मात्र राहिला.

“आता भाव सांगा,” नाना म्हणाले.

सुहासने पिशवीच्या दुसऱ्या बाजूला लिहायला घेतलं. एकच आकडा निवडला तर तो लागायची शक्यता वीस भागिले ऐंशी, म्हणजे चारात एक. बक्षिसांच्या नेहमीच्या तक्त्यात त्याला डॉलरचे तीन मिळतात. चार डॉलर लावले, सरासरी तीन परत आले.

नाना म्हणाले, “मटक्यात सिंगलला रुपयाला नऊ मिळायचे. दहा आकडे, नऊचा भाव. म्हणजे मटकेवाला दहातला एक ठेवायचा. हे परवानाधारक लोक चारातला एक ठेवतात?”

“बरोबर तेच, नाना. मटका बेकायदा होता आणि आहे, पण भावापुरतं बोलायचं तर तुमचा हिशोब चोख आहे,” प्रकाश म्हणाला. “रुलेटच्या दोन शून्यांच्या चाकावर कॅसिनो शंभरातले सव्वापाच ठेवतं. एका शून्याच्या चाकावर पावणेतीनपेक्षाही थोडं कमी. पत्त्यांचा ब्लॅकजॅक, कुठल्या पानांना काय करायचं ते नीट पाठ करून खेळलात तर अर्ध्या टक्क्याच्या आसपास. आणि कीनोत पंचवीस ते तीस. आणखी एक मेख आहे. कीनोच्या तक्त्यातले तीन म्हणजे तुझा डॉलर धरून तीन. रुलेटवर पस्तीस मिळतात ते तुझी चिप सोडून. दोन्ही तक्ते शेजारी ठेवून तुलना करणारा माणूस इथेच फसतो.”

संजय म्हणाला, “पण आठ आकडे लागले तर पंचवीस हजार डॉलर मिळतात म्हणे.”

सुहास या प्रश्नाचीच वाट बघत होता. “आठही लागायची शक्यता २,३०,११५ मध्ये एक. दहाच्या दहा लागायची ८९,११,७११ मध्ये एक. पण मला मोठं बक्षीस राहू दे, छोटं दाखवायचंय. एका प्रचलित तक्त्यात एट स्पॉटला पाच लागले तर नऊ डॉलर, सहाला नव्वद, सातला १,४८०, आठला २५,०००. चारापर्यंत काही नाही. आठ आकड्यांतले सरासरी लागतात दोन. पाच किंवा जास्त लागायची शक्यता अठ्ठेचाळीसात एक. म्हणजे शंभर तिकिटं काढलीस तर अठ्ठ्याण्णव कोरी जाणार.” त्याने चारही बक्षिसांचे तुकडे एकाखाली एक मांडले: पाचाचे साडेसोळा सेंट, सहाचे एकवीस, सातचे पावणेचोवीस, आठचे अकरा. बेरीज बहात्तर. “डॉलर लावला, सरासरी बहात्तर सेंट परत. त्यातले जवळजवळ पस्तीस सात-आठ लागण्यावर टांगलेले. दोन रात्रींत ते तुझ्या वाट्याला येणार नाहीत असंच धरून चाल.”

“मग फोर स्पॉट?”

“दोन लागले तर डॉलर परत, तीनाला तीन, चाराला एकशे तीस. चारात एका तिकिटावर काहीतरी येतं, बहुतेक वेळा स्वतःचाच डॉलर. परतावा चौऱ्याहत्तर सेंट. कॅसिनोचा वाटा तेवढाच राहतो, पण तासभर खेळायला पैसे पुरतात. प्रत्येक कॅसिनोचा तक्ता वेगळा असतो, पत्रक फुकट मिळतं. चारच्या ओळीत १३० आहे की ११०, एवढं तरी बघायचं.”

प्रकाश ऐकेना. “सव्वीस टक्के म्हणजे सव्वीस टक्के. स्वस्त कसं म्हणतोस?”

“कारण रेस सात-आठ मिनिटांनी एक होते. तासाला आठ धर. दोन डॉलरप्रमाणे सोळा डॉलर लागले, त्यातले सरासरी चार गेले. आता तुझं रुलेट घे. पंधरा डॉलर किमान, तासाला चाळीस फेऱ्या, म्हणजे सहाशे डॉलर फिरले. सव्वापाच टक्क्यांनी साडेएकतीस गेले. संजयने तासभर कुठे बसावं, सांग.”

प्रकाश थोडा वेळ पिशवीकडे बघत राहिला. “लाउंजपुरतं पटलं,” तो म्हणाला. “पण लाउंज राहिलीत किती? स्ट्रिपवरची, म्हणजे मोठ्या कॅसिनोंच्या मुख्य रस्त्यावरची, बहुतेक बंद झाली. डाउनटाउनमध्ये किंवा स्थानिक लोक जातात त्या कॅसिनोंत शोधावी लागतील. संजयला समोर दिसणार ते कीनोचं यंत्र. नाव तेच, ऐंशी घरं तीच, वीस आकडे तेच.”

“यंत्रावर परतावा जास्त असतो, पंच्याऐंशी-नव्वद, कधी त्याच्याही वर.”

“आणि मिनिटाला दहा खेळ होतात! तुझाच हिशोब लाव. डॉलरचा एक खेळ, तासाला सहाशे. शंभरातले आठच ठेवले तरी अठ्ठेचाळीस डॉलर गेले. लाउंजच्या बारापट.” यावर मात्र दोघांचं एकमत झालं, आणि संध्याकाळभर पहिल्यांदाच. भाव चांगला असलेला खेळ तासाला महाग पडतो आणि भिकार भावाचा खेळ स्वस्त, हे संजयने पुन्हा एकदा स्वतः गुणाकार करून पाहिलं.

ऑस्ट्रेलियात पब आणि क्लबांमध्ये पडद्यावर दर काही मिनिटांनी कीनो चालतो. सिडनी-मेलबर्नच्या आपल्या लोकांना तो ओळखीचा. तिथे हेड्स-टेल्स म्हणून एक जोड खेळ आहे. वीसपैकी अकरा किंवा जास्त आकडे १ ते ४० मधले आले तर हेड्स, डॉलरचे दोन. नाण्याचा खेळ वाटतो, पण बरोबर दहा-दहा पडायची शक्यता वीस टक्के, आणि तेव्हा हेड्सवालाही हरतो, टेल्सवालाही.

मग संजयने विचारलं, आधीच्या रेसचे आकडे पाटीवर लावतात, तर जे बराच वेळ आले नाहीत तेच घ्यावेत का. सुहासने मान हलवली. गोळ्याला आठवण नसते. प्रत्येक रेसला ऐंशीच्या ऐंशी पुन्हा भांड्यात जातात.

“मॉन्ट्रियलचं काय मग?” प्रकाश म्हणाला. “१९९४ मध्ये तिथल्या कॅसिनोत एका माणसाने वीसपैकी एकोणीस आकडे लागोपाठ तीनदा बरोबर धरले. सहा लाख कॅनडियन डॉलरवर रक्कम गेली.”

“तिथे गोळे नव्हते, यंत्र होतं. रोज सकाळी ते त्याच बीज-आकड्याने, म्हणजे हिशोबाच्या त्याच सुरुवातीच्या आकड्याने सुरू व्हायचं, त्यामुळे रोज आकड्यांची तीच माळ बाहेर पडायची. चौकशीत तो माणूस निर्दोष निघाला, पैसेही मिळाले. पुढच्याच वर्षी अटलांटिक सिटीत लाखाचं कीनो लागलं, ते मात्र फसवणुकीचं. नेवाडाच्या गेमिंग नियंत्रण मंडळाच्याच तंत्रज्ञाने यंत्रातली माळ आधी काढून साथीदाराला दिली होती. दोन्हीकडे बिघाड होता म्हणून अंदाज चालला. बिघाड नसलेल्या यंत्रावर पाटी बघून काहीही हाती लागत नाही.”

एकाच कागदावर अनेक प्रकारे आकडे लावायच्या ‘वे’ तिकिटावर फार वेळ गेला नाही, तरी ते कळलेलं बरं. दोन-दोन आकड्यांचे तीन गट गोल करायचे. कुठलेही दोन गट मिळून चार आकडे होतात, असे तीन प्रकार. तिन्ही मिळून सहा, हा एक. समासात ३/४ आणि १/६ असं लिहायचं. डॉलर प्रकाराला असेल तर चार डॉलर लागतात. नवखा माणूस डॉलरचं तिकीट समजून पुढे करतो आणि काउंटरवर गडबडतो. शक्यता बदलत नाही, चार तिकिटं एका कागदावर मावतात इतकंच.

“आता पैसे घ्यायचं सांग,” नाना म्हणाले.

“तेच सगळ्यात महत्त्वाचं,” प्रकाश म्हणाला. “एका रेसचं तिकीट असेल तर पुढची रेस सुरू व्हायच्या आत काउंटरवर दाखवायचं. नाही तर लागलेलं तिकीटही बाद. टॉयलेटला जायचं असेल तर सलग वीसपेक्षा जास्त रेसचं तिकीट काढायची सोय बऱ्याच ठिकाणी आहे, त्याला मुदत मोठी मिळते. रेस्तराँत बसून खेळायचं तर रनर तिकीट आणि पैसे घेऊन जाते, एखादा डॉलर टिप देतात. ती काउंटरवर उशिरा पोचली तर तिकीट त्या रेसला लागत नाही आणि कॅसिनो जबाबदारी घेत नाही. पत्रकावर तसं छापलेलंच असतं. त्याच पत्रकात एका रेसला सगळ्यांना मिळून जास्तीत जास्त किती देणार तो आकडाही असतो. दोघा-तिघांना मोठं लागलं तर त्यातच वाटणी. आणि पासपोर्ट जवळ ठेव. मोठं बक्षीस लागलं तर परदेशी माणसाचे तीस टक्के कर म्हणून तिथेच कापतात. रुलेट-ब्लॅकजॅकला तो लागत नाही, कीनोला लागतो, आणि भारताला करारात सूट नाही.”

संजयने पिशवी स्वतःकडे ओढली. फोर स्पॉट, एक डॉलर, आठ रेस, यंत्राला हात लावायचा नाही, असं त्याने तिकिटाखाली लिहिलं. मग ७, २३, ५८, ६१ वर बोट ठेवून विचारलं, “हे राहू देऊ की बदलू?”

“१, २, ३, ४ लिहिलेस तरी शक्यता तीच,” सुहास म्हणाला. “३२६ मध्ये एक.”

त्याने तेच राहू दिले. प्रकाशने पेन घेऊन सगळ्यात वर, मोठ्या अक्षरात, “पुढच्या रेसच्या आत काउंटर” एवढं लिहिलं आणि खाली दोन रेघा मारल्या.