‘इतका बाऊ कशाला?’ या प्रतिक्रियेला उत्तर

तुमची प्रतिक्रिया काल रात्रीच वाचली. लगेच उत्तर दिलं असतं तर तोल गेला असता, म्हणून सकाळपर्यंत थांबलो.

विरघळलेल्या ऑक्सिजनच्या तपासणीसाठी सॅम्पल कसं घ्यावं यावर मी लिहिलं होतं. त्यावर तुम्ही म्हणता: ‘इतका बाऊ कशाला? बाटली भरायची, बूच लावायचं, लॅबमध्ये न्यायची. एखादा बुडबुडा राहिला म्हणून आकाश कोसळत नाही. कागदावरचे नियम प्रत्यक्षात कुणी पाळत नाही. मीटर असताना हे करायचंच कशाला? आणि बाटलीचं मापही चुकलंय.’

माप चुकलं होतं, हे मान्य. २५० मिली लिहिलं होतं, बीओडीची (पाण्यातले जीव किती ऑक्सिजन वापरतात ते तपासायची) बाटली ३०० मिलीची असते. दुरुस्त केलंय, आभार.

पण ‘कागदावरचे नियम’ हे शब्द मला लागले. पंधरा वर्षं मी कमरेएवढ्या पाण्यात उभं राहून सॅम्पल घेतोय. जे लिहिलं ते या हातांनी केलेलं आहे. मतभेद असेल तर खुशाल मांडा. पण ज्याला ओळखत नाही त्याला पुस्तकी ठरवून मोकळं व्हायचं, ही कुठली रीत?

आता बुडबुडा. रसायनशास्त्रज्ञ विंक्लरने १८८८ साली मांडलेली ही पद्धत म्हणजे बाटलीत रसायनं घालून पाण्यातला ऑक्सिजन मँगनीजच्या साक्यात (खाली बसणाऱ्या गाळात) पकडायचा आणि मोजायचा. ती एकाच गोष्टीवर उभी आहे: मँगनीजच्या साक्याला मिळणारा ऑक्सिजन फक्त त्या पाण्यातलाच असला पाहिजे. १ मिली हवेत साधारण ०.२७ मिलिग्रॅम ऑक्सिजन असतो. पाण्यात लिटरला २ मिलिग्रॅम असेल, तर ३०० मिलीच्या बाटलीत तो भरतो अवघा ०.६ मिलिग्रॅम. म्हणजे बुचाखाली अडकलेल्या १ मिलीच्या बुडबुड्यात त्याच्या जवळजवळ निम्मा! बाटली उलटसुलट केली की साका तोही ओढून घेतो. सगळा ओढला तर २ चे २.९ होतात. चांगल्या वाहत्या पाण्यात हा फरक कदाचित डोळ्यांत भरणार नाही, पण आपण तपासायला जातो ते आजारी पाणीच ना?

सुरुवातीच्या दिवसांत एका साचलेल्या, वास मारणाऱ्या पाण्याचं सॅम्पल मी घाईत भरलं होतं. मँगनस सल्फेट घातलं, मग अल्कली-आयोडाइड-अझाइड. साका पांढरा पडला, म्हणजे ऑक्सिजन जवळपास नाहीच; ऑक्सिजन मिळाला की तो तपकिरी होतो. बाटली उलटी केली, तर बुडबुडा जिथून सरकला तिथे त्या पांढऱ्यात तपकिरी रेघ उमटली. आणखी चार-पाच वेळा उलटल्यावर सगळा साका फिकट तपकिरी झाला. माझे वरिष्ठ शेजारीच उभे होते. त्यांनी ती बाटली ओतून टाकायला लावली. दुसऱ्यांदा नळी तळापर्यंत सोडली, बाटलीच्या दुप्पट-तिप्पट पाणी वरून वाहू दिलं, बूच तिरकं धरून हळूच बसवलं. साका शेवटपर्यंत पांढराच राहिला. ती तपकिरी रेघ तुम्ही पाहिली असतीत, तर ‘आकाश कोसळत नाही’ हे वाक्य तुमच्या हातून लिहिलंच गेलं नसतं.

‘लॅबमध्ये न्यायची’ याचं उत्तर मूळ लेखात आहे. पाण्यातले जीव वाटेतही ऑक्सिजन वापरत असतात, म्हणून काठावरच फिक्स करायचं, म्हणजे तिथेच रसायनं घालून ऑक्सिजन साक्यात पकडायचा. नीट वाचलं असतंत तर दिसलं असतं.

मीटर वापरायचा तर वापरा, लेखाचा विषय तो नव्हता.

एक मात्र करा. एकाच जागी, एकाच वेळी दोन बाटल्या भरा, एकीत बुडबुडा ठेवून आणि एकीत न ठेवता. दोन्ही आकडे पाण्याच्या तापमानासकट इथेच लिहा. मी वाट बघतोय.