रूट कॅनाल ‘भूल दिली म्हणून’ पास होत नाही

‘आरोग्य विमा असताना दातांवर खिशातला एक रुपयाही घालवू नका’ अशा थाटाचा सल्ला फॅमिली ग्रुपांवर अधूनमधून फिरत असतो. त्याचा सारांश असा: रूट कॅनाल, कॅप सगळं मेडिक्लेममध्ये बसतं, भूल दिली की ते ‘डे-केअर’ (२४ तासांच्या आत उरकणारा उपचार) होतं, म्हणजे क्लेम हमखास, कंपनी नाहीच म्हणाली तर ओपीडी कव्हर (भरती न होता घेतलेल्या उपचारांचा विमा) घ्या, त्यात तोटा नाही, आणि तरीही अडलं तर डॉक्टरांकडून ‘पडून दात तुटला’ असं लिहून घ्या. वर शेपटाला अमेरिकेचा दाखला, की तिकडे विम्यावर दात फुकटात होतात. यातलं काही अर्धवट आहे, काही साफ चूक आहे आणि एक तर सरळ फसवणूक आहे.

‘सगळं मेडिक्लेममध्ये बसतं.’ या समजाला थोडा आधार आहे, तो आधी मान्य करू. १ एप्रिल २०२० पासून कंपन्यांनी विकायला घेतलेल्या ‘आरोग्य संजीवनी’ या प्रमाणित पॉलिसीत, आजारामुळे किंवा इजेमुळे कराव्या लागणाऱ्या दंतोपचारांचा खर्च मिळेल, असं लिहिलेलं आहे. लोक तेवढीच ओळ वाचतात आणि खूश होतात. पण ती ओळ येते रुग्णालयात भरती झाल्यावरच्या खर्चांच्या यादीत. म्हणजे किमान २४ तासांची भरती किंवा नियमात बसणारं डे-केअर हवं, आणि मंजूर रकमेतले ५ टक्के आपण भरायचे. दुचाकीवरून पडून जबडा मोडला, तोंडाच्या कॅन्सरची शस्त्रक्रिया झाली, दाढेचा पू गळ्यापर्यंत उतरून भरती व्हावं लागलं, अशा वेळी मेडिक्लेम उपयोगी पडू शकतो. किडलेली दाढ त्या यादीत नाही. बऱ्याच पॉलिसी तर अपघात सोडून दाताचं काहीही देत नाहीत.

‘भूल दिली की डे-केअर.’ हा मुद्दा सगळ्यात जास्त लोकांना फसवतो, कारण व्याख्येचं पहिलं वाक्य खरोखरच तसं दिसतं. विमा नियामकाच्या, म्हणजे आयआरडीएआयच्या व्याख्येत पूर्ण किंवा स्थानिक भूल देऊन २४ तासांच्या आत होणारे उपचार डे-केअरमध्ये धरले आहेत. स्थानिक भूल तर दाताच्या डॉक्टरकडे सगळेच घेतात, मग झालंच की! पण त्याच व्याख्येत पुढे म्हटलंय की तंत्रज्ञान सुधारलं नसतं तर ज्यासाठी २४ तासांहून जास्त भरती व्हावं लागलं असतं, असा उपचार हवा. आणि एरवी ओपीडीत होणारे उपचार यात धरत नाहीत, हेही तिथेच लिहिलंय. रूट कॅनालसाठी माणूस भरती होत नव्हता, आजही होत नाही. खुर्चीत बसतो, ओठ बधिर घेऊन घरी येतो, दोन-तीन सिटिंगमध्ये काम संपतं.

दुसरी अडचण जागेची. विम्याच्या व्याख्येतल्या ‘रुग्णालया’त १० लाखांखालच्या वस्तीत किमान १० खाटा आणि इतरत्र १५ खाटा लागतात, शिवाय चोवीस तास नर्स. डे-केअर केंद्राला खाटांची अट नसली तरी सुसज्ज ऑपरेशन थिएटर आणि प्रशिक्षित नर्स लागतातच. कोपऱ्यावरच्या दोन खुर्च्यांच्या दवाखान्यात हे कुठून आणणार? मग क्लेम फेटाळला की राग निघतो बिचाऱ्या डॉक्टरवर.

‘ओपीडी कव्हर म्हणजे फायदाच.’ इथे नुसतं गणित करा. समजा, वर्षाला ५,००० रुपयांच्या ओपीडीसाठी प्रीमियम ३,५०० रुपयांनी वाढतो. म्हणजे जास्तीत जास्त फायदा १,५०० रुपयांचा, तोही पूर्ण ५,००० वापरले तर. दात ठणठणीत राहिले तर ३,५०० गेलेच. माझ्या मते हा विमा कमी आणि आगाऊ भरलेलं बिल जास्त. शिवाय दाताला त्यातली वेगळी पोटमर्यादा असू शकते, ठरावीक दवाखान्यांचीच अट असू शकते, सुरुवातीला प्रतीक्षा काळ असू शकतो, म्हणजे तेवढे दिवस क्लेम मिळत नाही. इम्प्लांट, ब्रेसेस आणि सौंदर्यासाठीची कामं सहसा बाहेरच. शहरातल्या खासगी दवाखान्यात रूट कॅनाल आणि कॅपचा खर्च पाच आकड्यांत जाऊ शकतो, त्यापुढे असली मर्यादा तोकडीच. मात्र कंपनीने नोकरीत ओपीडीचे पैसे दिले असतील तर वर्ष संपायच्या आत वापरून टाका, ते सोडण्यात काही शहाणपण नाही. आणि खर्चच झेपत नसेल तर मुंबईतलं शासकीय दंत महाविद्यालय किंवा नायरचं दंत रुग्णालय आहे, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगरला शासकीय दंत महाविद्यालयं आहेत, गोव्यात बांबोळीला आहे. रांग लागते, खेपा पडतात, पण खासगीच्या मानाने खर्च फारच कमी.

‘पडून दात तुटला असं लिहून घ्या.’ एक्स-रेत कीड दिसते. खोटा कागद जोडलेला पकडला गेला तर हा क्लेम तर जाईलच, पॉलिसीही रद्द होऊ शकते. पाच वर्षं सलग प्रीमियम भरल्यावर पॉलिसी घेताना काय सांगितलं नाही असे जुने मुद्दे कंपनीला उकरता येत नाहीत, पण सिद्ध झालेल्या फसवणुकीला ते संरक्षण लागू नाही. एका दाढेपायी घरच्या सगळ्यांचा मेडिक्लेम पणाला लावायचा?

अमेरिकेचं थोडक्यात. तिथल्या नेहमीच्या डेंटल प्लॅनमध्ये तपासणी आणि सफाई १०० टक्के, फिलिंग साधारण ८० टक्के आणि कॅपसारखी मोठी कामं ५० टक्के असा हिशेब असतो. त्यावर वर्षाची कमाल मर्यादा, बहुतेकदा १,००० ते २,००० डॉलर. एक-दोन मोठी कामं निघाली की ती संपते. सुट्टीत आलेले नातेवाईक दातांची कामं इथेच उरकून परत जातात, ते काही हौसेने नाही.

तेव्हा प्लॅन निवडताना ‘दात कव्हर आहेत का’ असं एजंटला विचारूच नका, कारण उत्तर ‘हो’ असंच येणार. विचारायचं ते हे: भरती न होता केलेल्या रूट कॅनालचे किती रुपये मिळतील, वर्षाची मर्यादा किती, प्रतीक्षा काळ किती, माझ्या नेहमीच्या डॉक्टरचं बिल चालेल का. उत्तर ईमेलवर मागा. पॉलिसीसोबत येणारं ग्राहक माहितीपत्रक मराठीत मागता येतं, तेही मागून घ्या. कागद हातात पडल्यावर एजंटचं बोलणं आणि त्यातला मजकूर जुळत नसेल, तर वर्षाच्या किंवा त्याहून जास्त मुदतीची पॉलिसी ३० दिवसांच्या आत परत करता येते. किरकोळ कपात होऊन बाकीचा प्रीमियम परत मिळतो, मात्र तोवर क्लेम केलेला नसावा.