वजनाच्या ऑपरेशनचा तो फॉरवर्ड आणि आमची बेबी

बेबी माझी धाकटी मावसबहीण. वय एक्केचाळीस, मुलगा दहावीला, पण घरात अजून बेबीच. गेल्या मंगळवारी रात्री साडेअकराला तिचा मेसेज आला, "ताई, ठरलं. स्लीव्ह करतेय. हे वाच, मग बोलू." स्लीव्ह म्हणजे वजन उतरवण्यासाठी जठर कापून अरुंद करायचं ऑपरेशन. मेसेजखाली तो फॉरवर्ड. सुरुवातीला तीन भोंगे, शेवटी "जनहितार्थ", लिहिणाऱ्याचं नाव कुठेच नाही. हाच मजकूर आधी सोसायटीच्या ग्रुपवर आला होता, भिशीच्या ग्रुपवरही आला होता. तेव्हा पुसून टाकला. आता तो घरात शिरलाय आणि बेबीनं त्याच्या जोरावर तारीखही घेतलीय, म्हणून हा खटाटोप.

मी डॉक्टर नाही. २०१८ साली माझं बायपास झालं, हृदयाचं नव्हे, वजनाचं, जठराला वळसा घालणारं. त्याआधी वर्षभर हाताला लागेल ते वाचलं आणि तीन सर्जनांचं डोकं खाल्लं, एवढंच माझं भांडवल.

ज्यांच्यापर्यंत तो पोचला नाही त्या भाग्यवंतांसाठी त्यातले मुद्दे सांगते. एक, स्लीव्ह सगळ्यात छोटं आणि नैसर्गिक, म्हणून सगळ्यांना तेच योग्य. बायपास जुनाट आणि धोक्याचं. दोन, स्लीव्हनंतर पित्ताचा त्रास आपोआप जातो. तीन, मिनी बायपास तर नावाप्रमाणे मिनी, त्यात जन्मभर गोळ्यांची भानगड नाही. चार, ऑपरेशननंतर उलट्या होत राहिल्या तर घाबरू नका, चरबी बाहेर पडतेय. पाच, कापाकापी नको तर पोटात फुगा, परिणाम तोच. सहा, नाहीतर सरळ लायपोसक्शन. सात, काही वर्षांनी वजन परत येतंच आणि विमा दमडीही देत नाही, तेव्हा स्वस्त असेल ते उरकून घ्या.

चौथ्यापासून सुरू करते, कारण बाकीच्यांनी फार तर पैसे वाया जातील, चौथ्यानं माणूस जाईल.

उलटीतून चरबी बाहेर पडत नाही. उलटीतून पडतं ते तुम्ही खाल्लेलं, प्यालेलं आणि जठरातला रस. ऑपरेशननंतर एखादी उलटी होते, मलाही झाली. पहिला पंधरवडा मी खोकल्याच्या औषधाबरोबर मिळतं ते मापाचं प्लॅस्टिकचं झाकण वापरायचे. त्यात मुगाचं कढण ओतायचं, घोट घोट करत पाच-सात मिनिटांत संपवायचं, मग थांबायचं. एकदा घाईत दोन झाकणं लागोपाठ घेतली आणि बेसिन गाठलं. ही उलटी समजण्यासारखी. पण रोज होणारी, पाणीही न टिकू देणारी उलटी म्हणजे आत काहीतरी अडलंय: जठर-आतड्याचा जोड आकसलाय, जठराच्या नळीला पीळ पडलाय किंवा व्रण झालाय. ते डॉक्टरांनीच बघायचं असतं.

आणि वाट बघत बसलात तर काय होतं? शरीरात बी१ जीवनसत्त्वाचा, म्हणजे थायमिनचा, साठा फार तर दोन-तीन आठवडे पुरेल एवढाच असतो. खाणं आधीच चमच्यांवर आलेलं, त्यात उलट्या, की तो झपाट्यानं संपतो. मग एकाच्या दोन वस्तू दिसायला लागतात, चालताना तोल जातो, माणूस असंबद्ध बोलतो. घरच्यांना वाटतं अशक्तपणा आहे. ग्लुकोजचं सलाईन लावून आणतात, आणि बी१ न देता नुसतं ग्लुकोज चढवलं की मेंदूवरचा घाला आणखी वाढतो. वेळेत बी१ मिळालं नाही तर स्मरणशक्ती कायमची जाऊ शकते. म्हणून माझ्या घरी फ्रिजवर एक कागद चिकटवलेला असायचा: "दोन दिवस उलट्या थांबल्या नाहीत तर हॉस्पिटल. सलाईन लावण्याआधी वजनाचं ऑपरेशन झालंय हे सांगणे. बी१ विचारणे." नवऱ्याला तो पाठ होता. आणि इथे कुणी अनामिक जनहितार्थ लिहितोय की घाबरू नका! हे वाक्य पुढे ढकलणाऱ्या प्रत्येकाला एकदा तरी लाज वाटायला हवी.

आता पहिला आणि दुसरा मुद्दा, म्हणजे बेबीचा खरा प्रश्न.

"नैसर्गिक" या शब्दाचं मला हसू आलं. स्लीव्हमध्ये जठराचा सुमारे तीन चतुर्थांशाहून जास्त भाग उभा स्टेपल करून कापतात आणि पोटाच्या छोट्या छिद्रातून बाहेर काढून टाकतात. उरते केळ्यासारखी अरुंद नळी. कापलेला भाग परत येत नाही. ज्याला फॉरवर्ड धोक्याचं म्हणतो त्या बायपासमध्ये जठराचा तुकडा फेकत नाहीत. वरच्या टोकाला साधारण तीस मिलिलिटरची पिशवी करतात, ती लहान आतड्याला जोडतात, आणि उरलेलं जठर आत तसंच राहतं, फक्त अन्न तिकडे जात नाही. गरज पडली तर बायपास उलटवणं अवघड असलं तरी शक्य असतं. स्लीव्ह उलटवता येत नाही, त्याचं पुढे बायपास करता येतं, एवढंच. स्लीव्ह वाईट आहे असं मी म्हणत नाही. जगात आज सगळ्यात जास्त केलं जाणारं हेच ऑपरेशन आहे. पण नैसर्गिक?

आता पित्त. बेबी गेली सहा वर्षं दोन उशा लावून झोपते. रात्री दोनला आंबट पाणी घशाशी येतं, ठसका लागून उठते. सकाळी उपाशीपोटी पॅन्टोप्राझोल घेतल्याशिवाय तिचा दिवस उगवत नाही. आणि हिला फॉरवर्ड सांगतो की स्लीव्ह कर, पित्त आपोआप जाईल.

काहींचं जातं, वजन उतरल्यावर पोटावरचा दाब कमी होतो म्हणून. हे अर्धसत्य मी मान्य करते, नाइलाजानं. पण अरुंद नळीत दाब वाढतो, तिच्या खालच्या तोंडाशी झडप शाबूत असते, आणि दाबाला वाट मिळते ती वर, अन्ननलिकेकडे. फिनलंडमध्ये यावर स्लीव्हपास नावाची चाचणी झाली. २००८ ते २०१० या काळात २४० रुग्ण घेतले, कुणाला स्लीव्ह आणि कुणाला बायपास हे चिठ्ठी टाकल्यासारखं ठरवलं, आणि मग दहा वर्षं त्यांचा पाठपुरावा केला. दहा वर्षांचे निकाल २०२२ मध्ये जामा सर्जरी या नियतकालिकात आले. एंडोस्कोपीत, म्हणजे तोंडावाटे दुर्बीण घालून केलेल्या तपासणीत, अन्ननलिकेला सूज दिसली ती स्लीव्हवाल्यांपैकी ३१ टक्क्यांना, बायपासवाल्यांपैकी ७ टक्क्यांना. बेबी, हे दोन आकडे तुझ्या उशीखाली ठेव, दोन्ही उशांखाली.

म्हणूनच ज्यांना आधीपासून जोराचं आम्लपित्त आहे त्यांना सर्जन सहसा बायपासकडे वळवतात, आणि काहीही ठरवण्याआधी एंडोस्कोपी करून घेणं शहाणपणाचं. बेबीची झालेली नाही. तारीख मात्र मिळालीय. हॉस्पिटलचं नाव मी लिहीत नाही, पण एंडोस्कोपीच्या आधी पॅकेजचा आकडा तिच्या हातात पडला होता, यावरून काय ते समजा.

उलट बाजूही सांगते, नाहीतर बायपासची एजंट म्हणतील. ज्यांना संधिवातासाठी डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेनसारख्या वेदनाशामक गोळ्या सोडता येणार नाहीत त्यांना बायपास नडतं, जोडावर व्रण होतात. बिडी-सिगारेट न सुटणाऱ्यांचंही तेच. बायपासनंतर उरलेल्या जठरात तोंडावाटे दुर्बीण सहज पोचत नाही. आतड्यांची वेटोळी आधीच एकमेकांना चिकटलेली असतील, लहान आतड्याचा आजार असेल, तर स्लीव्ह बरं. आणि गोड. मी एका डोहाळजेवणात दोन चमचे शिरा खाल्ला, दहा मिनिटांत दरदरून घाम, छातीत धडधड, शेवटी यजमानांच्या पलंगावर आडवी. आतड्यात साखर एकदम उतरली की हे असं होतं. स्लीव्हमध्ये हा प्रकार कमी.

तिसरा मुद्दा, मिनी. या एका शब्दानं जेवढी फसगत केलीय तेवढी कुठल्या जाहिरातीनं केली नसेल. नेहमीच्या बायपासमध्ये आतड्याचे दोन जोड असतात, मिनीत एक. म्हणून ते मिनी. वेळ थोडा कमी लागतो, हेही खरं. पण यात वळसा घालून वगळलेलं आतडं बहुधा नेहमीच्या बायपासपेक्षा जास्त लांब असतं, दीडशे-दोनशे सेंटिमीटर. म्हणजे अन्नातलं शोषलं जाणं कमी होतं, आणि गोळ्यांची गरज वाढते. फ्रान्समधल्या २०१९ च्या एका चाचणीत दोनशे सेंटिमीटरचं मिनी आणि नेहमीचं बायपास समोरासमोर ठेवलं होतं. वजन दोन्हीकडे सारखं उतरलं, पण पोषणाच्या गंभीर तक्रारी निघाल्या त्या मिनीच्या गटात. आपल्याकडे मिनी भरपूर होतात आणि अनेकांचं उत्तम चाललंय. ते नीट चालतं ते गोळ्या घेतल्यामुळे.

माझा गोळ्यांचा डबा आठवड्याच्या सात खणांचा आहे. सकाळी लोह, आणि त्यानंतर दोन तास चहा नाही, माझ्यासारख्या चहाबाजासाठी ही खरी शिक्षा. कॅल्शियम दुपारी आणि रात्री, लोहापासून लांब, कारण दोघं एकमेकांच्या वाटेत येतात. तेही कॅल्शियम सायट्रेट, कारण कार्बोनेटला विरघळायला जे आम्ल लागतं ते आता पुरेसं मिळत नाही. शिवाय मल्टिव्हिटॅमिन, ड जीवनसत्त्व आणि बी१२ चं इंजेक्शन. बी१२ शोषायला जठरातून येणारा एक घटक लागतो, आणि जठर तर आपण वाटेतून बाजूला केलंय. शाकाहारी घरात बी१२ आधीच कमी असतं, पुण्याच्या केईएममध्ये डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी यावर वर्षानुवर्षं काम केलंय. स्लीव्हवाल्यांनाही यातून सुटका नाही. यादी लहान, इतकंच. "जन्मभर गोळ्या नको" ही अट असेल तर या ऑपरेशनांपैकी एकही तुमच्यासाठी नाही.

फुगा? साधारण सहा महिने पोटात ठेवतात, मग काढतात. काढला की भूक जागच्या जागी. त्यात भरायच्या पाण्यात निळा रंग मिसळतात, म्हणजे फुगा फुटला तर लघवी निळसर-हिरवी होऊन कळतं. ऑपरेशनआधी थोडं वजन उतरवायला कुणाला उपयोगी पडत असेल, पण "परिणाम तोच" कशाच्या आधारावर?

लायपोसक्शनवर फार वेळ घालवत नाही. ती कातडीखालची चरबी शोषायची पद्धत आहे, वजन कमी करायची नाही. अमेरिकेत २००४ साली १५ लठ्ठ बायकांवर अभ्यास झाला. प्रत्येकीची जवळपास दहा किलो चरबी काढूनही इन्सुलिनच्या कामात काडीचा फरक पडला नाही.

राहिला सातवा. वजन परत येतं, यात तथ्य आहे. पण किती? पुन्हा त्याच फिनलंडच्या आकड्यांकडे येते. दहा वर्षांनी जादा वजनापैकी स्लीव्हवाल्यांचं सरासरी ४३.५ टक्के आणि बायपासवाल्यांचं ५१.९ टक्के उतरलेलं होतं. बेबीचं वजन १०४ किलो, उंची १५७ सेंटिमीटर. बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानानं वजनाचा आकडा, पंचवीस धरला तर जादा वजन सुमारे ४२ किलो. म्हणजे दहा वर्षांनंतर सरासरीनं स्लीव्हमध्ये १८ आणि बायपासमध्ये २२ किलो कमी. "वजन परत येतंच" या वाक्यात हे अठरा किंवा बावीस किलो कुठे गेले? आणि फरक चार किलोंचा आहे, तेव्हा नुसत्या वजनाच्या आकड्यावरून ऑपरेशन निवडण्यात अर्थ नाही. निवड ठरते ती पित्त, साखर, चालू औषधं आणि तुम्ही गोळ्या खरंच घेणार का यावर.

विम्याचंही अर्धसत्यच. विमा कंपन्यांचं नियमन करणाऱ्या आयआरडीएआयच्या ठरीव अटींप्रमाणे डॉक्टरांच्या सल्ल्यानं, अठरा वर्षांवरच्या माणसाला, बीएमआय ४० किंवा त्याहून जास्त असेल तर, किंवा ३५ वा त्याच्या वर असून हृदयविकार, झोपेत श्वास अडकण्याचा गंभीर त्रास, आटोक्यात न येणारा मधुमेह यांपैकी काही असेल तर, आणि आधी साधे उपाय करून झाले असतील तर, हे ऑपरेशन वगळलेल्या यादीत पडत नाही. प्रत्येक पॉलिसीचा प्रतीक्षा काळ वेगळा, तो कागद काढून वाचायचा. विचित्र एवढंच, की २०२२ च्या आंतरराष्ट्रीय शिफारशींत आशियाई लोकांसाठी उंबरठा साडेसत्तावीस आहे, आणि आपला विमा अजून ३५-४० वर बसलाय. बेबीचा बीएमआय ४२. म्हणजे तिला विमा मिळू शकतो, आणि "स्वस्त असेल ते उरकून घ्या" या सल्ल्याची तिला मुळात गरजच नव्हती.

हे सगळं मी तिला फोनवर सांगितलं, पाऊण तास. ती गप्प. मग म्हणाली, "ताई, पण काकांनी पाठवलंय गं." काकांना मी वेगळं बघते. सोमवारी सकाळी नऊला तिची एंडोस्कोपी आहे, दुसरीकडे. आधीची तारीख तिनं स्वतः फोन करून रद्द केली. पॅकेजवर दिवाळीपर्यंत सूट चालू आहे, असं पलीकडून तिला दोनदा सांगण्यात आलं.